मुठीतला चतुर : तोक्यो ते कुमामोतो, सहा दिवस

आमचं घर पुण्याच्या तांबट आळीतलं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पन्नास वर्षं तांबं ठोकलं. बंब, घंगाळं, हंडे, आणि मागणी बदलली तशी तपेल्या आणि दिव्यांची झाकणं. दोन वर्षांपूर्वी खांदा धरला आणि हातोडी खाली ठेवावी लागली. मी चांदीच्या दागिन्यांची नक्षी आखते. जपानी तलवारीच्या मुठीवर जे बारीक धातुकाम असतं, त्याची चित्रं मी कित्येक वर्षं जमवत आले आहे. ते प्रत्यक्ष बघायला एकटीच जाणार होते. एका संध्याकाळी अण्णांनी माझ्या मागे उभं राहून त्यातलं एक चित्र पाहिलं. जांभळट काळी चकती, तिच्यावर चांदीचा चंद्र.

"हे लोखंड?"

"तांबं आहे अण्णा. शंभर भागांत तीन ते पाच भाग सोनं घातलेलं."

"सोनं घालून तांबं काळं करतात?" ते माझ्या शेजारी बसलेच. "मला बघायचंय हे."

दिवाळी उरकली आणि आम्ही दोघं निघालो.

पहिला दिवस : र्योगोकु

सकाळी तोक्योत उतरलो, सामान टाकलं आणि जेवून थेट र्योगोकु गाठलं. हा सुमोचा भाग. स्टेशनालगतच सुमोचं मोठं सभागृह आहे, आणि तिथून थोडं पुढे, जुन्या यासुदा बागेच्या कडेला, तलवारींचं संग्रहालय. पूर्वी ते योयोगीत होतं, २०१८ च्या जानेवारीत इथे आलं. इमारत फुमिहिको माकी यांनी आखलेली, शांत आणि अंगाने लहानशी. ते चालवणारी संस्था १९४८ सालची. युद्ध हरल्यावर तलवारी जप्त होत होत्या, वितळवल्या जात होत्या, त्या काळात त्या वाचवायला उभी राहिलेली.

येणारे लोक पात्यांपुढे थांबतात, आणि पाती आहेतच तशी. पण आम्ही आलो होतो ते कडेच्या कपाटासाठी.

आधी भाग सांगते. पातं आणि मूठ यांच्या मधली चकती म्हणजे त्सुबा. तळहाताच्या मध्यात बसेल एवढी, सात-आठ सेंटिमीटरची. मधोमध पात्याच्या शेपटीसाठी उभट भोक, आणि बरेचदा त्याच्या बाजूला आणखी एक-दोन. मुठीच्या तोंडाशी जे कडं असतं ते फुची, आणि मुठीच्या टोकाची टोपी ती काशिरा. म्यानाच्या खोबणीत एका बाजूला लहान सुरी खोचलेली असते, तिची मूठ म्हणजे कोझुका. दुसऱ्या बाजूला केस सारखे करायची सळई, ती कोगाई. आणि मुठीच्या दोन्ही अंगांना, रेशमी पट्टीच्या विणीखाली दडलेली दोन बोटभर शिल्पं, ती मेनुकी. मूळात मेनुकी म्हणजे पातं मुठीत अडकवणाऱ्या खुंटीवरचं झाकण. पुढे खुंटी साधी बांबूची राहिली आणि झाकणाचं शिल्प झालं.

त्या दिवशी मांडलेल्या मेनुकींमध्ये एक जोडी चतुरांची, म्हणजे लांब शेपटीच्या त्या पंखवाल्या किड्यांची, होती. मूठ पूर्ण बांधलेली. शार्क किंवा पाकट माशाची पांढरी, दाणेदार कातडी, तिच्यावर काळ्या रेशमी पट्टीची वीण, आणि विणीतल्या शंकरपाळ्यांच्या आकाराच्या फटींतून दिसणारं सोनं. एका फटीत डोकं, दुसरीत पंखाचं टोक, शेपूट पट्टीखाली गेलेलं. पंखांवरच्या शिरा कोरलेल्या होत्या, आणि त्याही निम्म्या पट्टीखाली.

अण्णा बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "एवढं केलं आणि वर बांधून टाकलं. हे दिसणार कुणाला?"

"तलवार धरणाऱ्याच्या तळव्याला," मी म्हटलं. पकड बसावी म्हणूनही ते तिथे असतं, हे मी वाचलं होतं. पण उत्तर देताना मला स्वतःलाच ते नव्याने कळल्यासारखं झालं. ही चित्रं समोरच्याला दाखवायला काढलेली असतील, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. चकतीवरचं चित्र थोडंफार दिसतही असेल. मुठीतला चतुर मात्र ज्याची मूठ, त्याचाच.

चतुरच का, हेही सांगायला हवं. जपानी भाषेत त्याला 'काचीमुशी' असंही म्हणतात, म्हणजे विजयाचा किडा. तो पुढेच झेपावतो, मागे हटत नाही, अशी समजूत. आणखी जुनी गोष्ट युर्याकु सम्राटाची. योशिनोच्या रानात शिकारीला गेला असता एक गोमाशी त्याच्या हाताला चावली, तोच एका चतुराने येऊन ती उचलून नेली. त्या चतुराच्या नावावरून देशाला 'आकित्सुशिमा', चतुरांचं बेट, असं नाव मिळाल्याचं सांगतात. बाणाच्या फाळासारखी पानं असलेली एक पाणवनस्पती आहे, ओमोदाका. तिचं दुसरं नाव 'काचीगुसा', विजयाचं गवत. लाटांवरचे छोटे पाणपक्षी, चिदोरी, यांच्या नावात 'हजार मिळवणे' असाही अर्थ ऐकू येतो. हे अर्थ चित्राकडे नुसतं बघून सापडत नाहीत. नाव तोंडाने उच्चारलं की सापडतात. दसऱ्याला आपण आपट्याचं पान हातात देतो आणि 'सोनं घ्या' म्हणतो, म्हणून ते सोनं. आमच्या आळीत खंडेनवमीला ऐरण आणि मोगरीला फुलं वाहिली जातात, त्या घरात वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही.

दुसरा दिवस : उएनो

उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर धातुकाम आणि तलवारींचं दालन आहे. मांडलेल्या वस्तू ठरावीक काळाने बदलतात, त्यामुळे आज कोणती चकती भेटेल हे नशिबावर. आम्हाला गोतो घराण्याचं काम भेटलं.

गोतो युजो (१४४०–१५१२) हा या घराण्याचा मूळपुरुष, आशिकागा योशिमासा या शोगुनाच्या, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याच्या, पदरी असलेला. पुढे घराणं सतरा पिढ्या चाललं. राज्यकर्ते बदलले, यांचं काम चालूच राहिलं. मेनुकी, कोझुका आणि कोगाई असा एकाच विषयावरचा संच ते करत, त्याला 'मितोकोरोमोनो' म्हणतात, तीन जागांच्या वस्तू. विषय ठरलेले. ड्रॅगन, शिशी म्हणजे पौराणिक सिंह, फुलं. याच घराण्याकडे एदो काळात (१६०३–१८६८) 'ओबान' या मोठ्या सोन्याच्या नाण्यांचं काम आणि तराजूची वजनंही होती. म्हणजे दरबाराची तलवार आणि दरबाराचं सोनं एकाच घराच्या शिक्क्याने चालत होतं. या ड्रॅगनांमधली ती ठाम, जराही न हलणारी प्रतिष्ठा मला तिथून आलेली वाटते. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्यात हजेरीला जाताना तलवारीची जोडी कशी असावी याचे नियम होते. काळं म्यान, काळी साधी चकती, आणि गोतोंचे दागिने. राखणं हेच त्या कामाचं मोल होतं, म्हणून त्यात मला ऊब कमी वाटते. पण हात बघावा तर यांचाच.

हात कुठे बघायचा, ते अण्णांनी दाखवलं. ड्रॅगनकडे त्यांनी नजर टाकली आणि लगेच त्याच्या मागच्या काळ्या पार्श्वभूमीवर गेले. ती अगदी बारीक दाण्यांची असते, खसखस पसरल्यासारखी. तिला 'नानाको' म्हणतात, माशाची अंडी. पोकळ टोकाचा ठसा धरायचा आणि एका दाण्याला एक ठोका. ओळीला ओळ लागून. दाणा दाण्यावर चढता कामा नये, मध्ये फट राहता कामा नये.

"बघ," अण्णा म्हणाले. "आमच्या माठारकामात ठोका चुकला तर पुढचा ठोका त्याला सांभाळून घेतो. सगळ्या भांड्यावर थोडं थोडं वाटून घेता येतं. इथे चुकला तर संपलं. हा माणूस दिवसभर श्वास कसा घेत असेल?"

तासभर आम्ही त्या एका कपाटापुढे होतो. दालनातल्या बाई दोनदा येऊन हसून गेल्या.

आणि ते काळं तांबं. त्याचं नाव शाकुदो. गंमत अशी की ओतल्यावर ते काळं नसतं, साध्या तांब्यासारखंच दिसतं. सगळी कोराकोरी झाली, चकाकी आली, की मग ते जंगालाचं आणि मोरचुदाचं पाणी करून त्यात उकळतात, आणि तेव्हा सोन्याच्या त्या चिमूटभर अंशामुळे पृष्ठभागावर निळसर-जांभळी झाक असलेला काळा रंग चढतो. उकळीत टाकण्याआधी वस्तू किसलेल्या मुळ्याच्या रसातून काढतात. हे सांगितलं तेव्हा अण्णा थबकलेच.

"मुळा?"

"हो. रंग एकसारखा बसतो म्हणे."

"आपण चिंच लावतो," ते म्हणाले, आणि मग कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. घरी आदल्याच आठवड्यात दिवाळीसाठी तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासली होती. आपण तांब्याचा प्रत्येक डाग काढून ते लख्ख करतो, आणि हे लोक तांब्याला डागच असा देतात की तो शतकानुशतकं टिकावा. तांब्यात चांदी घातली की दुसरा मिश्रधातू होतो, शिबुइची. शब्दाचा अर्थ चौथा हिस्सा. तो त्याच पाण्यात उकळला की धुक्यासारखा राखाडी होतो. मग एकाच बोटभर तुकड्यावर काळी रात्र, राखाडी धुकं, चांदीचा चंद्र आणि सोन्याची रानहंसांची रांग. रंग कुठेही फासलेला नाही. प्रत्येक रंग हा धातूचा स्वतःचा.

दुपारी शेवटी शहरी कारागिरांची कामं पाहिली. योकोया सोमिन (१६७०–१७३३) गोतोंच्या शिस्तीतून बाहेर पडला आणि गिऱ्हाइकासाठी कोरू लागला. घराण्याच्या कामाला 'इएबोरी' म्हणतात, आणि याला 'माचीबोरी', गावातलं कोरीवकाम. छिन्नी तिरकी धरून तो अशी रेघ काढतो की कुंचल्याचा फटकारा वाटावा, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला विरत गेलेली. व्यापाऱ्यांना दोन तलवारी बाळगायची मुभा नव्हती, पण एक लहान तलवार चालत असे. पैसेवाल्या व्यापाऱ्यांनी तिच्यावर हौस भागवून घेतली. तिथून विषय मोकळे झाले. पावसात पळणारी माणसं, शेतातला बैल, कोळी, गोगलगाय. मला हे सगळ्यात आवडतं. तलवारीवर गोगलगाय मागणाऱ्या त्या अनाम गिऱ्हाइकाला भेटावंसं वाटतं.

तिसरा दिवस : फुकागावा, मग क्योतो

आजची सकाळ माझ्या यादीत नव्हती. काल एका चकतीवर मला एक अक्षर दिसलं होतं. जपानी लेखनातलं ते नव्हतं. सिद्धम् लिपी, ब्राह्मीच्याच कुळातली, बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे जपानला गेलेली. तिथे तिला 'बोंजी' म्हणतात. ते अक्षर होतं 'हां', फुदो म्योओ या देवतेचं बीजाक्षर. फुदो म्हणजे न हलणारा. आपला अचल, अचलनाथ. उजव्या हातात खड्ग, डाव्या हातात पाश, मागे ज्वाळा. तलवारीच्या दागिन्यांवर तो स्वतः येतो, कधी नुसतं अक्षर येतं, आणि पुष्कळदा येतं ते 'कुरिकारा', म्हणजे उभ्या खड्गाला विळखा घालून त्याचं टोक गिळणारा नाग-ड्रॅगन. त्या खड्गाची मूठ नीट पाहिली तर ती वज्र असते.

म्हणून हॉटेलातून निघून आधी फुकागावाच्या फुदो मंदिरात गेलो. तिथल्या नव्या मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर फुदोचा मंत्र सिद्धम् अक्षरांत भरून लिहिलेला आहे. मी घरून ती अक्षरं थोडीफार गिरवून गेले होते. एक-एक जोडत वाचू लागले, आणि अण्णा शेजारी उभे राहून ऐकत होते.

आत 'गोमा' सुरू झाली. गोमा म्हणजे होम. शब्दही तोच आहे, प्रवासात झिजलेला. मोठमोठे ताशे नव्हेत, छातीत घुमणारे अवजड ढोल, मधोमध पेटलेला अग्नी, आणि भिक्षूंचा एका सुरातला पाठ. 'नोमाकु सानमांदा बाझारादान सेंदा माकारोशादा सोवाताया उन ताराता कानमान.' पहिल्या वेळी काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी 'बाझारादान'मध्ये 'वज्राणां' ऐकू आलं. मग सगळंच उलगडलं. नमः समन्तवज्राणां चण्ड महारोषण स्फोटय हूं त्राट् हां मां.

अण्णा रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणतात. त्यांनी माझा हात धरला. "हे संस्कृत आहे," ते हळूच म्हणाले. पुढचा सगळा वेळ त्यांनी हात सोडला नाही. होम झाल्यावर लोक आपापल्या पिशव्या, पाकिटं पुढे देतात आणि ती ज्वाळांवर धरून परत मिळतात. अण्णांनी खिशातला चष्म्याचा डबा दिला.

तलवारीवर 'हां' कोरून घेणाऱ्याला काय हवं असेल, याचा अंदाज मला त्या खोलीत आला. हात न हलावा, मन न हलावं. चकतीवर ते अक्षर पात्याच्या अगदी लगत असतं, अंगठ्यापासून बोटभर अंतरावर.

दुपारच्या शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, सव्वादोन तासांत क्योतो. फुजी ढगात होता.

चौथा दिवस : सान्नेनझाका

रात्रीपासून पाऊस. कियोमिझु मंदिराखालच्या सान्नेनझाकाच्या दगडी पायऱ्या ओल्या, गुळगुळीत, आणि अण्णांचे गुडघे. या पायऱ्यांवर जो पडेल तो तीन वर्षांत मरतो असं बोललं जातं, आणि त्यावर उतारा म्हणून पायथ्याच्या दुकानात भोपळे मिळतात. लहान, वाळवलेले, कंबरेत आवळलेले, दोरीने बांधलेले. पडणाऱ्याचा प्राण भोपळा धरून ठेवतो.

आम्ही पडलो नाही, पण भोपळा घेतला, कारण तो मला किती चकत्यांवर भेटला होता! सहा भोपळे काढले तर 'मु-ब्यो', सहा-भोपळे. आणि उच्चार तोच ठेवला तर 'मुब्यो', निरोगी. पुन्हा तेच, नाव उच्चारायचं आणि अर्थ पकडायचा. भोपळ्यातून घोडा बाहेर येताना दाखवला तर तो चोकारो हा सिद्धपुरुष, जो आपला घोडा भोपळ्यात घालून फिरायचा. चित्रात तो नसला तरी चालतं. नुसता भोपळा आणि नुसता घोडा पुरतात. चकतीच्या पुढच्या बाजूला घोडा आणि मागच्या बाजूला भोपळा, असंही करतात. मग तलवार हातात फिरवल्याशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही. काचेच्या कपाटात ठेवलेली चकती अर्धीच बोलते, याची हळहळ मला सगळा प्रवासभर वाटत राहिली.

पायऱ्यांच्या वरच्या अंगाला, दुकानांच्या गर्दीतच, कियोमिझु सान्नेनझाका संग्रहालय आहे. एदो काळाचा शेवट आणि त्यानंतरचा मेइजी काळ (१८६८–१९१२) एवढाच काळ ते धरतं. धातुकाम, मीनाकाम, लाखकाम. जागा लहान, आणि तेच बरं, कारण इथे प्रत्येक वस्तू नाकापासून वीतभर अंतरावर असते.

या संग्रहालयाला १८७६ हे साल समजल्याशिवाय अर्थ नाही. त्या वर्षीच्या मार्चमध्ये सरकारने फर्मान काढलं. सैन्य आणि पोलीस वगळता कुणी तलवार लावून फिरायचं नाही. एका कागदावर शेकडो कारागिरांचं काम गेलं. पाती घडवणारे तर गेलेच, पण मेनुकी करणारे, नानाको ठोकणारे, शाकुदो उकळणारे, सगळेच. आमच्या आळीने स्टीलची भांडी आणि नंतर गीझर आला तेव्हा जे पाहिलं, ते अण्णांना आठवलं असणार. त्यांनी विचारलं तेही तेच. "मग यांनी काय केलं?"

कानो नात्सुओने (१८२८–१८९८) नाणी केली. नव्या सरकारला येनची नाणी हवी होती, आणि त्यांवरच्या ड्रॅगनचे नमुने त्याने कोरले. तलवारीवरचा ड्रॅगन असा लोकांच्या खिशात गेला. पुढे तो तोक्योच्या कलाशाळेत शिकवू लागला. त्याच्या मासळ्या बघाव्यात. पाणी दाखवण्यासाठी तो काहीही कोरत नाही. धातू रिकामा सोडतो, आणि ते पाणी होतं. इतर पुष्कळांनी परदेशी गिऱ्हाइकासाठी उदबत्तीपात्रं आणि फुलदाण्या केल्या. ओकायामाकडच्या त्सुयामाचा शोआमी कात्सुयोशी (१८३२–१९०८) हा त्यातला. त्याचं एक धूपपात्र आहे, जुन्या कौलावर बसलेलं कबूतर. कौल इतकं कौलासारखं की हात लावून बघावंसं वाटतं. कबुतराची मान किंचित वाकडी. ते कुठे बघतंय म्हणून आपण बघतो, तर कौलाच्या कडेला एक कोळी.

मी त्यापुढे उभी असताना मला एक शंका बोचत होती, ती लिहितेच. हे काम तलवारीवरच्या कामापेक्षा अधिक बारीक आहे, अधिक थक्क करणारं आहे. तरी मला मुठीतला चतुर जवळचा वाटतो. कबूतर आणि कोळी बघणाऱ्यासाठी केलेले आहेत. चतुर एका माणसाच्या हातासाठी होता. त्या माणसाला उद्या काय होईल याची खात्री नव्हती, निदान त्याच्या आजोबांना तरी नव्हती, आणि त्याने त्यासाठी एक किडा निवडला.

अण्णांचं मत वेगळं पडलं. "काम बंद पडल्यावर ज्याने एवढं केलं," ते म्हणाले, "तो मला मोठा वाटतो." आम्ही भिजत खाली उतरलो. एकेक पायरी, भोपळा त्यांच्या हातात.

पाचवा दिवस : गाडीत

शिन-ओसाकाला गाडी बदलून क्युशू. कुमामोतोला पोचेपर्यंत दुपार झाली. अण्णा झोपले, मी टिपणं काढली. संध्याकाळी किल्ल्याची भिंत लांबून पाहिली. २०१६ च्या एप्रिलमधल्या भूकंपात ढासळलेले दगड अजून मैदानात क्रमांक घालून ओळीने मांडलेले आहेत. प्रत्येक दगड आपल्या जुन्या जागी परत जाणार.

सहावा दिवस : कुमामोतो

या प्रांताचं जुनं नाव हिगो. १६३२ मध्ये होसोकावा घराणं इथे आलं. त्यातला होसोकावा तादाओकी, निवृत्तीनंतरचं नाव सान्साई, हा लढवय्या, आणि चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यु याचा शिष्य. साधेपणातलं सौंदर्य ही त्या परंपरेची शिकवण, आणि ती इथल्या तलवारींवर उतरली. एदोची चमक इथे नाही. गडद तपकिरी लोखंड, चॉकलेटी म्हणावं असं, आणि त्यावर सोन्याचं अगदी थोडं काम. नामांकित तलवारबाज मियामोतो मुसाशी याच घराण्याचा पाहुणा म्हणून १६४० मध्ये इथे आला आणि १६४५ मध्ये इथेच वारला. त्याच्या नावाने सांगितली जाणारी चकती तर दोन बाजूंना दोन लांबट गोलसर पोकळ्या एवढीच आहे. त्या आकाराला समुद्रकाकडीचं नाव आहे.

किल्ल्यासमोरच्या पारंपरिक हस्तकला केंद्रात हिगो-झोगान बघायला मिळतं, म्हणजे लोखंडावर सोन्याचं जडाव. या कामाचा मूळपुरुष हायाशी माताशिची (१६१३–१६९९), बंदुका करणारा. नळीवर तो चेरीची फुलं आणि होसोकावांचं चिन्ह जडवायचा, मग चकत्यांकडे वळला.

ते चिन्ह समोरच्या एका लोलकावर होतं. मधोमध मोठा ठिपका आणि भोवती आठ लहान ठिपके. 'कुयो' असं त्याचं नाव.

"नऊ," अण्णांनी मोजलं.

"नवग्रह आहेत ते," मी म्हटलं. आणि खरोखर आहेत. कुयो म्हणजे नऊ ज्योती, राहू-केतू धरून, बौद्ध तंत्रग्रंथांबरोबर इकडे आलेल्या. आमच्या देवघरात तांब्याच्या ताटलीवर नवग्रह ठोकलेले आहेत, अण्णांच्या वडिलांनी केलेले. त्यात मांडणी चौकोनी आहे, तीन-तीनच्या ओळी. इथे ते फुलासारखे गोल बसले.

कारागीर साठीचे असतील. बोलणं मोबाईलवरच्या भाषांतराने सुरू झालं आणि पाच मिनिटांत मोबाईल बाजूला पडला. त्यांनी लोखंडाचा तुकडा राळेत पक्का केला. छिन्नीने आधी उभ्या रेघा, मग आडव्या, मग दोन्ही तिरप्या, कापडाच्या विणीसारखं खरखरीत जाळं होईपर्यंत. म्हणूनच याला 'नुनोमे', कापडाची वीण, म्हणतात. राजस्थानातली कोफ्तगिरी पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. मग सोन्याच्या पातळ पत्र्यातून कापलेला ठिपका त्या जाळ्यावर ठेवला आणि हरणाच्या शिंगाच्या तुकड्याने हलकेच दाबला. शिंग का? लोखंडी हातोडीने सोनं पहिल्याच ठोक्याला सरकेल किंवा फाटेल. शिंग त्याला जाळ्यात मुरवतं. मग हातोडी.

अण्णांनी आपला उजवा हात पुढे केला. तळव्यावरचे घट्टे अजून आहेत. कारागिरांनी ते पाहिले, स्वतःचा हात शेजारी धरला, आणि काही न बोलता शिंग आणि छोटी हातोडी अण्णांना दिली. दुसरा ठिपका अण्णांनी बसवला. खांद्याने साथ दिली, कारण इथे हात उचलायचाच नव्हता, मनगटाने काम होतं. ठोके इतके हलके की मला ऐकू येत नव्हते, त्या दोघांना येत असावेत.

शेवटचा भाग गंजाचा. सोनं बसलं की लोखंडावर गंजाचं पाणी लावून मुद्दाम गंज चढवतात. हवा तसा चढला की वस्तू चहात उकळतात. साधा प्यायचा चहा. त्यातल्या तुरटपणाने गंज थांबतो आणि तांबूस रंग जाऊन तो खोल काळपट तपकिरी येतो. वरून तेलाचा हात. सान्साईच्या चहाप्रेमाशी याचा संबंध जोडायचा मोह होतो, पण मला वाटतं हातातला चहा आणि हातातलं लोखंड यांची भेट कारागिराच्या घरात कधी ना कधी व्हायचीच होती.

जेवायला काराशी-रेंकोन घेतलं. कमळकाकडीच्या भोकांत मोहरीचं तिखट सारण भरून, पिवळ्या पिठात बुडवून तळतात, मग कापे काढतात. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं. तादाओकीच्या अशक्त असलेल्या मुलासाठी, होसोकावा तादातोशीसाठी, हा पदार्थ केला, अशी इथली कथा आहे, आणि काप आडवा धरला तर भोकांची मांडणी त्यांच्या कुयोसारखी दिसते म्हणून तो त्या घराण्यापुरताच राखून ठेवला होता, असंही सांगतात. अण्णांनी काप काट्याने उचलून उजेडाकडे धरला आणि भोकं मोजली.

निघताना कारागिरांनी अण्णांना एक तुकडा दिला. जाळं पाडलेला, सोनं नसलेला, नखाएवढा लोखंडाचा. रात्री मी बॅगा भरत होते. हॉटेलच्या खोलीत हिरव्या चहाची पुडी असतेच. अण्णांनी ती कपात घातली, गरम पाणी ओतलं, आणि तो तुकडा त्यात सोडला. मग खुर्ची ओढून कपापुढे बसले. अर्ध्या तासाने त्यांनी मला हाक मारली. पाणी कडेने शाईसारखं काळं होऊ लागलं होतं.

"आताच काढू नको," ते म्हणाले. "सकाळपर्यंत राहू दे."